पंचवीस अक्षरी आहेर

लेखकाला काय भेट द्यावी, हा प्रश्न सज्जन माणसांना फार छळतो. गायकाला तंबोरा देता येतो, चित्रकाराला रंग देता येतात आणि स्वयंपाकाची आवड असलेल्याला काहीही दिलं तरी त्याचा फायदा फिरून आपल्यालाच होतो. लेखकाचं तसं नाही. त्याला दुसऱ्या कुणाचं पुस्तक दिलं तर त्याचा चेहरा पडतो. त्याचंच द्यावं, तर त्याच्या पलंगाखाली गठ्ठे असतातच. उलट आपण निघालो की त्यातली एक प्रत तोच आपल्या गळ्यात मारतो. मग शेवटी सगळे पेनावर येतात.

माझ्या टेबलाच्या खणात अशी पुष्कळ पेनं आहेत. सोनेरी क्लिपची, डबीतल्या मखमलीवर निजलेली, कुठल्याशा पतपेढीचं नाव कोरलेली. ही पेनं देणाऱ्यांपैकी एकानंही कधी रिफील दिलेली नाही. चेन्नईत पॅरीज कॉर्नरला जेम अँड कंपनी नावाचं फाउंटन पेनांचं जुनं दुकान आहे. तिथलं एबोनाइटचं एक जाडजूड पेन मला एका स्नेह्यांनी साठीला दिलं. ते हातात धरलं की आता आपण काहीतरी थोर लिहिणार असं वाटायला लागतं, म्हणून मी त्यानं फक्त चेकवर सही करतो.

चेन्नईपुरतं बोलायचं तर इथे हा प्रश्न फार पूर्वीच निकालात निघालेला आहे. इथे लेखकाला शाल देतात. आपल्या शाल-श्रीफळातल्यासारखीच, पण हिला पोन्नाडै म्हणतात. जरीकाठी, झगझगीत, शेवटच्या रांगेतल्यालाही दिसावी अशी. आपल्याकडे सत्काराला शाल एकच असते आणि ती अध्यक्षांच्या हातून खांद्यावर पडते. इथे अध्यक्षांनी घातली की स्वागताध्यक्ष घालतात, मग प्रकाशक, मग वॉर्डातला पक्षाचा सचिव, मग लेखकाचा शाळासोबती; आणि प्रत्येक वेळी फोटो. हे सगळं मे महिन्यात, मैलापूरच्या एखाद्या हॉलमध्ये, पंखा भाषण करणाऱ्याकडे वळवलेला असताना. आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एक तमिळ कथाकार राहतात. सगळी इमारत त्यांना ‘सार’ म्हणते, म्हणून मीही म्हणतो. त्यांच्या लाकडी कपाटाचा एक अख्खा कप्पा पोन्नाडैंनी भरलेला आहे. ‘माझी तयारी पूर्ण आहे,’ सार म्हणतात. ‘थंडी पडायचीच काय ती राहिली.’

या शाल-पेन युगातून मला माझ्या भाचीनं एकदम बाहेर काढलं. ती ओएमआरवर, म्हणजे जुन्या महाबलीपुरम रस्त्यावर, शोळिंगनल्लूरच्या एका कंपनीत काम करते. ती कंपनी नेमकं काय करते हे तिनं मला अनेकदा समजावलं आहे आणि मी अनेकदा मान डोलावली आहे. वाढदिवसाच्या आधी तिचा फोन आला. ‘मामा, तू अजून त्या वर्डमध्येच लिहितोस ना? तुला लेखकांचं खास सॉफ्टवेअर देते.’ गेली कित्येक वर्षं मी ज्यात लिहीत होतो ते सर्वसामान्यांचं होतं, हे मला तेव्हा कळलं.

आता सॉफ्टवेअर द्यायचं कसं? पूर्वी ते माउंट रोडजवळच्या रिची स्ट्रीटवर डब्यातून मिळायचं. डब्यात एक सीडी, एक जाड पुस्तक आणि बाकी हवा. पण निदान रंगीत कागदात बांधायला काहीतरी असायचं. आता नुसतं ईमेल येतं. भाचीचं म्हणणं, ईमेल पाठवलंय, झालं. पण तिची आई माझी धाकटी बहीण. ‘मामाकडे रिकाम्या हातानं जायचं नाही,’ असं तिनं पुण्याहून बजावलं. त्यामुळे भाचीनं त्या ईमेलातला परवान्याचा क्रमांक ऑफिसात छापला, कागदाच्या आठ घड्या घातल्या आणि तो आहेराच्या पाकिटात घालून आणला. पाकिटावर गणपती, कोपऱ्यात चिकटवलेला रुपया. आमच्या हिनं रिवाजाप्रमाणे पाकीट आधी देवापुढे ठेवलं, हळदकुंकू वाहिलं आणि मग माझ्या हातात दिलं. उघडलं तर पाच-पाच अक्षरांचे पाच गट, मध्ये आडव्या रेघा. कुंकवाचं बोट नेमकं तिसऱ्या गटाच्या शेवटच्या अक्षराला लागलेलं. ते इंग्रजी बी आहे की आठ, यावर देवघरासमोर बराच वेळ चर्चा झाली. ‘मूळ ईमेल बघा की,’ असं भाची म्हणत होती. पण समोर कागद असताना ईमेल बघायची आमच्या घरात पद्धत नाही.

‘आणि हे ठेवायचं कुठे?’ असं हिनं विचारलं. भाची म्हणाली, ‘मामी, ते क्लाउडमध्ये असतं.’ हिनं खिडकीबाहेर बघितलं. ऑगस्ट होता, चेन्नईच्या आकाशात ढगाचा पत्ता नव्हता.

पण मला त्या पाकिटात वेगळंच काहीतरी दिसत होतं. पेन देणारा म्हणतो, लिहा. डायरी देणारा म्हणतो, जमलं तर लिहा. शाल देणारा म्हणतो, लिहिलंत तेवढं पुरे. सॉफ्टवेअर देणारा मात्र म्हणतो, का लिहीत नाही ते सांगा, सोय करून देतो. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण ज्यानं केली त्याला अंगणाचं महत्त्व कळलेलं होतं. वाकडं अंगण ही लेखकाची जन्मभराची ठेव. ते कुणी प्रेमानं सरळ करून दिलं, तर माणसानं करायचं काय?

चेन्नईत मला अंगणाची ददात कधी पडली नव्हती. २०१९ च्या उन्हाळ्यात शहराला पाणी पुरवणारे तलाव आटले. पाण्याच्या टँकरची वाट पाहण्यात माझा एक दिवाळी अंक गेला. २०२३ च्या डिसेंबरात मिचाँग चक्रीवादळ आलं, पाणी जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत चढलं, त्यात एक वासंतिक अंक गेला. पाणी नसणं आणि पाणी असणं ही दोन्ही कारणं एकाच गावात मिळावीत, असं भाग्य पुण्या-मुंबईच्या लेखकांना नाही. डिसेंबर आला की इथे कचेऱ्यांचा हंगाम असतो. कचेरी म्हणजे मैफल, पण संपादकाला फोनवर ‘सध्या कचेरीत गुंतलोय’ म्हटलं की त्याला निवृत्त माणसाची दया येते. आणि हे सगळं संपलं की ‘लेख जवळजवळ झालाय’ हे वाक्य आहेच. मराठी साहित्य या वाक्यावर उभं आहे. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हाही कुणीतरी त्यांना हेच कळवलं असणार, अशी माझी खात्री आहे.

आता त्या सॉफ्टवेअरविषयी. ते परदेशी बनावटीचं आहे, एवढंच सांगतो. उघडलं की ते आधी विचारतं, काय लिहिणार: कादंबरी, पटकथा, प्रबंध की कवितासंग्रह? दिवाळी अंकासाठी विनोदी लेख हा पर्याय नव्हता. मी कादंबरी निवडली. त्याबरोबर पडद्यावर कॉर्कचा फळा आला, त्यावर टाचणीनं लावलेली कार्डं आली, पात्रांना वेगळा कप्पा, स्थळांना वेगळा, संशोधनाला वेगळा. प्रत्येक पात्राचा एक अर्ज भरायचा. जन्मतारीख, उंची, डोळ्यांचा रंग, बालपणीची सर्वांत मोठी भीती. एवढी चौकशी आमच्याकडे स्थळ बघतानाही करत नाहीत. मी नमुन्यादाखल दामूकाका नावाचं पात्र भरायला घेतलं. डोळ्यांचा रंग: चष्म्यामुळे दिसत नाही. बालपणीची भीती: वडील. आत्ताची भीती: सून. मग ‘पात्राचा आतला संघर्ष’ असा रकाना आला, तिथे मी पित्त लिहिलं. असं करता करता संध्याकाळ झाली आणि कादंबरीचा एक शब्दही न लिहिता दिवसभर कादंबरी लिहिल्याचं समाधान मिळालं. हे मान्यच करायला हवं, की पेनानं असं समाधान कधी दिलं नव्हतं.

पात्रांना नावं सुचवणारं एक यंत्रही त्यात होतं. कोकणातल्या खोताला त्यानं हॅरिसन हे नाव सुचवलं.

दुसऱ्या दिवशी मी पहिलं वाक्य लिहिलं. साधं होतं. त्याखाली लाल रेघ उमटली. दुसरं लिहिलं, त्याखालीही उमटली. पान भरेपर्यंत सगळा मजकूर लाल झाला. मराठीत लिहिलेली प्रत्येक गोष्ट त्याच्या मते चुकलेली होती. आम्हाला शाळेत शुद्धलेखनाला एक कडक गुरुजी होते, पण ‘आणि’ला तरी ते सोडून द्यायचे. भाचीनं फोनवरून कुठलीशी खूण काढायला लावली आणि रेघा गेल्या. मग ‘आचाऱ्यांना जेवायला बसवलं’ असं लिहिलं. या ऱ्याला मराठीत पापणीसारखा अर्धा र लागतो. त्या अक्षरवळणात तो नव्हता. फाइल परत उघडून बघतो तो पंगतीला साक्षात आचार्य बसलेले. लग्न आमच्या आतेभावाकडचं होतं. एवढी मोठी माणसं त्यांच्याकडे जेवायला येत नाहीत.

मुख्य कौतुकाची गोष्ट म्हणजे एकाग्रता वाढवणारी अवस्था. एक कळ दाबली की पडद्यावरचं बाकी सगळं नाहीसं होतं. काळोख आणि त्यात एक लुकलुकती रेघ. सोबतीला पावसाचा आवाज लावता येतो, किंवा जुन्या टाइपरायटरचा. पन्नास वर्षांपूर्वी ज्या खडखडाटामुळे लिहिता येत नाही अशी लेखकांची तक्रार होती, तोच आता पैसे घेऊन ऐकवतात. शिवाय एक सल्लागार आहे, कृत्रिम बुद्धीचा. तो मजकुराचा सूर तपासतो. माझ्या विनोदी लेखाचा सूर त्याला ‘चिंताग्रस्त’ वाटला आणि ‘अधिक आनंदी करू का?’ असं त्यानं विचारलं. हाच प्रश्न माझ्या संपादकांनीही एकदा विचारला होता, म्हणून मी काही बोललो नाही.

हे वैभव दाखवायला मी सारना बोलावलं. सार कथा लिहितात त्या पाठकोऱ्या कागदांवर. बँकेची पत्रकं, औषधाची बिलं, लग्नपत्रिकांची मागची बाजू. कागद संपला की कथा संपते. त्यांनी कॉर्कचा फळा बघितला, दामूकाकांचं पित्त बघितलं आणि विचारलं, ‘किती पडले?’ मी डॉलरचा आकडा रुपयांत सांगितला. सार खुर्चीत मागे टेकले. ‘पैसे? लिहिण्याच्या सॉफ्टवेअरला?’

त्यांचा धक्का समजण्यासारखा होता. तमिळनाडूत अशा वस्तूंना पैसे द्यायची सवय नाही. २००६ च्या निवडणुकीनंतर सरकारनं रंगीत टीव्ही वाटले. २०११ च्या निवडणुकीनंतर मिक्सर, ग्राइंडर आणि पंखे आले, विद्यार्थ्यांना लॅपटॉप आले. पण लिहिण्याच्या सॉफ्टवेअरचा नंबर याही आधी लागला होता. एप्रिल २००५ मध्ये केंद्र सरकारनं तमिळ फाँट आणि सॉफ्टवेअरची एक सीडी चेन्नईत समारंभानं बाहेर काढली. माहिती-तंत्रज्ञान खातं तेव्हा दयानिधी मारन यांच्याकडे होतं आणि ते निवडून आले होते मध्य चेन्नईतून. तेव्हा पहिला मान तमिळचा, यात नवल नाही. हिंदीची सीडी त्यानंतर आली. हे वाक्य सार मला अजूनही पुन्हा म्हणायला लावतात.

नाव नोंदवलं की ती सीडी टपालानं फुकट घरी यायची. सारनी मागवली होती आणि पुतण्याकडून कथा टाइप करून घ्यायला पुष्कळ वापरलीही होती. आताच्या संगणकाला सीडीसाठी फटच नाही, म्हणून ती त्यांच्या बाल्कनीत दोऱ्यानं टांगलेली आहे. वाऱ्यानं फिरते, उन्हात चमकते आणि कबुतरं तिकडे फिरकत नाहीत. आधी लेखकाच्या आणि मग बाल्कनीच्या उपयोगी पडलेली दुसरी सरकारी योजना माझ्या माहितीत नाही.

सार मग त्या दिवशी सुटलेच. फेब्रुवारी १९९९ मध्ये इथे ‘तमिळनेट ९९’ नावाची परिषद भरली. तमिळचं कुठलं अक्षर कुठल्या कळीवर, यावर अभियंते, विद्वान आणि सरकार एकत्र बसले आणि एका कळफलकावर शिक्कामोर्तब करून उठले. त्यातल्या ‘एका’ या शब्दानं मला गहिवरून आलं. आपल्याकडे पुण्यात १९८८ पासून सीडॅक आहे, श्रीलिपीही पुण्याचीच, तरी लेख कशात पाठवू असं चार संपादकांना विचारलं तर पाच उत्तरं येतात. एकाला युनिकोड हवं, दुसऱ्याला युनिकोड सोडून काहीही, तिसरा म्हणतो पीडीएफ करा, चौथा म्हणतो हातानं लिहून व्हॉट्सॲपवर फोटो टाका. आणि तोच चौथा अंक छापून झाल्यावर फोन करतो, की तुमची ती वर्डची फाइल असेल ना?

तमिळ लेखकांच्या मनातला संगणकाचा बाऊ मोडण्यात सुजाता यांचा वाटा मोठा होता, असं सार सांगत होते. हे सुजाता म्हणजे एस. रंगराजन. बायकोच्या नावानं लिहायचे आणि स्वतःच्या नावानं भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये अभियंत्याची नोकरी करायचे. आपल्या मतदानयंत्राच्या कामात त्यांचा हात होता. माणूस एका बाजूनं मतदानयंत्र करतो आणि दुसऱ्या बाजूनं खपाऊ रहस्यकथा लिहितो, यात मला तरी काही विसंगत वाटत नाही. दोन्हीचा निकाल शेवटीच कळतो. पुढे इथल्याच न्यू होरायझन मीडिया या प्रकाशनसंस्थेनं ‘एनएचएम रायटर’ नावाचं टायपिंगचं साधन काढलं आणि फुकट वाटलं. त्यात तमिळबरोबर मराठीही टाइप होते. प्रकाशकानं लेखकाला काही फुकट दिल्याचा हा पुरावा मी मराठीतल्या काही मित्रांना दाखवला. त्यातले दोघे पुस्तकासाठी प्रकाशकाला पैसे देऊन नुकतेच परतले होते. त्यांचा विश्वास बसला नाही.

आणि आता झोहो. १९९६ मध्ये ॲडव्हेंटनेट या नावानं निघालेली कंपनी, २००९ पासून झोहो. मुख्यालय चेन्नईच्या वेशीवर, गुडुवांचेरीच्या बाजूला. तिचं ‘रायटर’ २००५ पासून आहे आणि घरगुती लिहिण्याला पैसे पडत नाहीत. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात केंद्रातले मंत्री एकामागून एक जाहीर करू लागले, की आम्ही आता झोहोवर आलो. सार एक दिवस पेपर घेऊनच आले. ‘म्हणजे हिंदी पंधरवड्याची परिपत्रकं यापुढे तमिळनाडूत बनलेल्या सॉफ्टवेअरवर टाइप होणार,’ ते म्हणाले. इतक्या आनंदात मी त्यांना साहित्य अकादमीच्या यादीच्या दिवशीही पाहिलेलं नाही. (त्या यादीत त्यांचं नाव नव्हतं, हेही खरं.)

‘मग भाचीला सांगा ना, पैसे परत घे आणि फुकटचं वापर,’ असा त्यांचा सल्ला. पण फुकटची वस्तू आहेरात कशी चालणार? तिनं पैसे मोजले म्हणून ती भेट झाली आणि भेट झाली म्हणून मी बांधला गेलो.

लेखकाला ‘लिही’ म्हणून सांगणारी खरी मोठी गोष्ट या शहरात घडली ती कुणाच्या पाकिटात नव्हती. नामक्कलचे पेरुमाळ मुरुगन यांच्या ‘मादोरुबागन’ कादंबरीवरून गदारोळ झाला आणि जानेवारी २०१५ मध्ये त्यांनी जाहीर केलं, की लेखक पेरुमाळ मुरुगन मेला. प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात आलं. जुलै २०१६ मध्ये मुख्य न्यायमूर्ती संजय किशन कौल आणि न्यायमूर्ती पुष्पा सत्यनारायण यांच्या पीठानं जो निकाल दिला, त्याच्या शेवटी लेखकानं पुन्हा जिवंत व्हावं आणि त्याला जे उत्तम येतं ते करावं, म्हणजे लिहावं, असं म्हटलेलं आहे. मुरुगन यांनी पुन्हा लिहायला सुरुवात केली. सार हे सांगताना एरवीचा खट्याळपणा बाजूला ठेवतात. मुरुगन यांच्याकडे न लिहिण्याला खरं कारण होतं. त्यांच्या मानानं आमचे टँकर आणि कचेऱ्या म्हणजे अगदीच किरकोळ माल, हे मला कळतं. कळतं म्हणून मी ते कोर्टात नेत नाही.

लेखकाच्या हाती यंत्र पडण्याची गोष्ट निघाली की मार्क ट्वेनचं नाव येतंच. त्यानं १८७४ च्या सुमाराला बोस्टनमध्ये टाइपरायटर विकत घेतला, सव्वाशे डॉलरला. वर्ष-दोन वर्षांत त्याला वाटायला लागलं, की या यंत्रानं आपलं चारित्र्य बिघडतंय. तोंडी शिव्या यायला लागल्या. त्यानं ते हॉवेल्स या लेखकमित्राला देऊन टाकलं. हॉवेल्सनं परत आणून दिलं. मग ट्वेननं ते आपल्या गाडीवानाला दिलं आणि त्या शहाण्या माणसानं त्या बदल्यात कुणाकडून तरी बायकांनी बसायचं एक खोगीर मिळवलं. ही हकिगत ट्वेननंच लिहून ठेवलेली आहे. मला यातला गाडीवान फार जवळचा वाटतो. आहेर फिरवणं म्हणजे काय, हे त्याला कळलेलं होतं.

मराठी घराचा सगळा आहेरव्यवहार फिरवण्यावर चालतो. आमच्याकडचा एक मोरपंखी ब्लाउजपीस सांगली, मिरज आणि चिपळूण करून परत आमच्याकडेच आला. हिनं त्याला काठावरच्या शाईच्या डागावरून ओळखलं. काचेचे सहा बाऊल, चादरी, भिंतीवरची घड्याळं, सगळी अशीच फिरती असतात. आलेली वस्तू कुणाला खपवायची याचा हिशेब पाकीट उघडण्याआधी डोक्यात सुरू होतो. सॉफ्टवेअर इथे कच खातं. परवान्याच्या अटी मी सगळ्या वाचल्या; लिहायचं नसलं की माणूस काहीही वाचतो. त्यात स्वच्छ म्हटलेलं आहे, की हा परवाना दुसऱ्या कुणाला देता येणार नाही. म्हणजे हे खोगीर देऊन टाकायचीही सोय नाही.

असं असलं तरी दिवस बरे चालले होते. सकाळी जिन्यात सार भेटायचे. चेन्नईत माणूस भेटला की ‘साप्टाचा?’, जेवलात का, असं विचारायची रीत आहे. सार मला विचारायचे, ‘एन्न सार, एळुदियाचा?’ लिहून झालं का? मी म्हणायचो, जवळजवळ.

मग सॉफ्टवेअरनं आपला खरा रंग दाखवला. ते भाचीच्या नावावर घेतलेलं असल्यामुळे दर रविवारी लिखाणाचा साप्ताहिक अहवाल तिला जातो, ही गोष्ट आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हती. पहिल्या रविवारी तिचा फोन आला. ‘मामा, तू या आठवड्यात शून्य शब्द लिहिलेस?’ आवाजात राग नव्हता, काळजी होती. मी म्हटलं, ‘अगं, सध्या विचार चाललाय.’ ‘विचाराचा रकाना यात नाही, मामा.’ आजवर जगात कुठल्याही लेखकाविरुद्ध तो लिहीत नसल्याचा पुरावा कुणाकडे नव्हता. आता तो शोळिंगनल्लूरला दर रविवारी पोचत होता, आलेखासकट.

यातून मला सोडवलं ते हिनं, आणि तेही नकळत. २०१७ पासून फोनवर मराठी बोललं की ते टाइप होतं. हिला ते जमतं. घरातला हिशेब पूर्वी ही कॅलेंडरवर लिहायची. आता तिनं बघितलं, की या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरं मोठी दिसतात आणि पुसली जात नाहीत. रोज सकाळी दूध आलं की ती फोन हातात घेऊन बोलायला लागते. ‘दूध दोन पिशव्या. एक नासलं. कुमारला इस्त्रीला शर्ट सहा, परत आले पाच. लक्ष्मीअम्मा आज आली नाही. लक्ष्मीअम्मा आज पण आली नाही. लक्ष्मीअम्माचा फोन लागत नाही. लक्ष्मीअम्माच्या नणंदेला विचारलं, ती म्हणते गावाला. कुठलं गाव ते सांगत नाही.’ अधूनमधून सांबाराची, पुरणाची, इथल्या गुळानं पुरण पातळ का होतं याची टिपणं. आणि हे सगळं जातं माझ्या कादंबरीत, कारण कप्पा तेवढा एकच उघडलेला आहे.

पुढच्या अहवालानं भाची थक्क झाली. तिनं तो जसाच्या तसा घरच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला. ‘मामा सुसाट!’ गटावर अंगठे आले, फुलं आली, हिच्या नागपूरच्या वन्संनी गजाननाचं चित्र पाठवलं. अहवालात लिहिलेलं होतं, की लेखक सकाळी सहा ते सात या वेळात सर्वांत तल्लीन असतो, त्याच्या वाक्यांची लांबी आटोपशीर आहे आणि प्रमुख पात्र आहे लक्ष्मीअम्मा. सूर: उत्कंठावर्धक. मी खुलासा करायला फोन हातात घेतलाही होता, पण तेवढ्यात भाचीनं पुढच्या वर्षाचे पैसे भरूनही टाकले.

गटावर माझे एक मेहुणे आहेत आणि मेहुण्यांचे स्नेही एका दिवाळी अंकाचे संपादक. त्यांचा फोन परवा आला. एरवी ते माझ्याशी लेखाच्या शब्दसंख्येपलीकडे बोलत नाहीत.

‘ऐकलं ते खरं का?’ ते म्हणाले. ‘कादंबरी? आणि नायिका शेवटपर्यंत येतच नाही म्हणे?’

‘अजून तरी आलेली नाही,’ मी म्हटलं.

‘वा! सगळं घर तिची वाट बघतंय आणि ती नाही. आणि त्या इस्त्रीवाल्याच्या सहाव्या शर्टाचं काय होतं?’

‘ते अजून कुणालाच कळलेलं नाही.’

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, ‘दुसऱ्या कुणाला दाखवू नका. आम्हाला कधी देताय?’

मी स्वयंपाकघराकडे बघितलं. ही फोनमध्ये सांगत होती, की लक्ष्मीअम्माची नणंद आता ओळखच दाखवत नाही.

‘जवळजवळ झालीच आहे,’ मी म्हटलं.